बास गिटारसाठी इफेक्ट पेडल : आवश्यक कोणती, अनावश्यक कोणती?

आपल्या अनेक गायकवृंदांत कीबोर्डच्या जोडीला आता बास गिटारही दिसते. गीताला खालून आधार देणारे हे वाद्य बहुधा एखादा महाविद्यालयीन युवक हाती घेतो आणि वर्ष उलटते न उलटते तोच त्याच्या मनात प्रश्न उभा राहतो : पायाने दाबायची ती रंगीत धातूची पेटी, म्हणजेच इफेक्ट पेडल, आपणही घ्यावी काय? आणि घ्यावी तर कोणती? यासंबंधी सल्ला विपुल मिळतो. परंतु तो बहुतांशी रॉक संगीताच्या रंगमंचासाठी दिलेला असतो. मंदिरात वाजविणाऱ्याची गरज निराळी असते. शिवाय खर्च होणारा पैसा एकतर आईवडिलांचा असतो किंवा गायकवृंदाने वर्षभर जमविलेला. तो वाया जाऊ नये, म्हणून हा विषय येथे थोड्या विस्ताराने मांडीत आहोत.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. पेडल नसल्यामुळे कोणाचे वादन अडलेले नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात मोटाऊन कंपनीच्या गाण्यांना जेम्स जेमर्सन यांनी जी बास दिली, ती आजही अभ्यासली जाते. त्यांची गिटार ध्वनिमुद्रणाच्या मिक्सरला थेट जोडलेली असे, मध्ये पेडल नसे, आणि जुन्या तारा बदलण्याचीही त्यांना हौस नव्हती. तेव्हा जो युवक अजून तालाला पक्का झालेला नाही, त्याने पेडलचा विचार एक वर्ष पुढे ढकलला तरी त्याचे काहीही बिघडणार नाही.

खर्जाचा स्वभाव

कोणते पेडल घ्यावे हे ठरविण्यापूर्वी खर्जाचा स्वभाव जाणून घ्यावा लागतो. चार तारांच्या बास गिटारची सर्वांत जाड तार ‘ई’ ही सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. त्यापुढील ‘ए’ तारेची ५५, ‘डी’ची सुमारे ७३ आणि ‘जी’ची ९८ कंपने होतात. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारणतः ८५ ते १८० कंपनांच्या दरम्यान असतो. म्हणजे बास गिटारचा वरचा भाग आणि वेदीवरून वाचन करणाऱ्या पुरुषाचा आवाज एकाच पट्टीत येतात. बास अनावर झाली की गीताचे शब्द बुडतात आणि मागील बाकांवरील वृद्धांना केवळ घुमणे ऐकू येते. गायकवृंदाविषयी तक्रार येते ती बहुधा याच कारणाने.

दुसरी बाब इमारतीची. उंच छताच्या, दगडी भिंतींच्या जुन्या मंदिरात आवाज विरायला वेळ लागतो. त्यातही पडदे, बाके आणि माणसांचे कपडे तार आवाज शोषून घेतात. खर्ज मात्र त्यांना दाद देत नाही. पहिला स्वर विरण्याआधीच दुसरा येऊन त्यावर पडतो. त्यामुळे मंदिरात वाजविणाऱ्याला आवाज वाढविणाऱ्या पेडलपेक्षा तो आवरणारे पेडल अधिक उपयोगी पडते. दुकानात गिटार हातात घेऊन पेडल तपासताना हे ध्यानात राहत नाही, कारण तेथील खोली लहान असते आणि जे दमदार वाटते तेच आवडते.

पहिली दोन पेडल

आमच्या मते पहिला मान स्वर जुळविण्याच्या पेडलचा, म्हणजेच ट्यूनरचा. बॉस या जपानी कंपनीचे टीयू-२ हे १९९८ साली आले आणि त्यानंतर २०१० मध्ये टीयू-३. पायाखालचा ट्यूनर रूढ झाला तो त्यांच्यामुळे. हे पेडल दाबले की आवाज बंद होतो आणि दिव्यांवर स्वराची स्थिती दिसते. प्रवचन चालू असताना कोणालाही कळू न देता तारा जुळविता येतात, हा त्याचा मोठाच लाभ. गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा स्वस्त ट्यूनर चालतो. परंतु सर्वांत जाड तार ओळखताना तो पुष्कळदा चाचरतो. अशा वेळी बाराव्या पट्टीवर बोट हलकेच टेकवून निघणारा उपस्वर वाजवावा. तो एक सप्तक वर असल्याने यंत्राला सहज उमगतो.

दुसरे पेडल डीआय असलेल्या प्रीअॅम्पचे. मंदिरात बास गिटार बहुधा स्वतंत्र अॅम्पमधून न वाजता ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरमध्येच जाते. गिटारमधून येणारा विद्युतसंकेत दुबळा असतो. तो लांब वायरने मिक्सरपर्यंत नेला की वाटेत त्याची धार बोथट होते आणि आसपासच्या विजेच्या तारांतील गुणगुण त्यात मिसळते. डीआय हा संकेत मायक्रोफोनच्या तीन टोकांच्या वायरीतून जाईल असा करून देतो. या वायरीत एकच संकेत सुलट व उलट अशा दोन तारांतून जातो. वाटेत शिरलेला गोंगाट दोन्हींत सारखाच असल्याने मिक्सरमध्ये तो परस्पर कटतो. न्यूयॉर्कच्या टेक २१ कंपनीने १९९० च्या दशकात आणलेले सॅन्सअॅम्प बास ड्रायव्हर डीआय हे या जातीचे नावाजलेले पेडल. आता इतर अनेक कंपन्यांची तशी पेडल मिळतात. त्यातच खर्ज व तार कमीजास्त करण्याची बटणे असतात, म्हणून ज्याला एकच पेडल परवडते त्याने हेच घ्यावे आणि चिमट्याच्या ट्यूनरवर भागवावे.

साधा डीआय डबा मंदिराच्या ध्वनियंत्रणेत आधीच पडून असेल, तर तो आधी शोधावा. आमच्या माहितीत असे डबे कपाटात धूळ खात पडलेले आढळले आहेत.

आवरणारी पेडल

यानंतर येते ईक्यू, म्हणजे आवाजाच्या निरनिराळ्या पट्ट्या स्वतंत्रपणे कमी-अधिक करणारे पेडल. नवशिका वादक त्यावर खर्ज वाढवितो. वस्तुतः २०० ते २५० कंपनांच्या आसपासचा भाग थोडा खाली आणला, तर बास अधिक स्वच्छ होते आणि शब्दही मोकळे होतात. चाळीसच्या खालील भाग तर सरसकट कापून टाकावा. तेथे गिटारचा स्वर नसतोच. असते ती बोटांची धपधप आणि वायरीला लागलेले धक्के. हे ऐकू फारसे येत नाही, परंतु स्पीकरची शक्ती खाऊन टाकते. एवढेच काम करणारी ‘हायपास फिल्टर’ नावाची छोटी पेडल मिळतात आणि मिक्सरवरही पुष्कळदा तसे बटण असते. बटण असेल तर पेडलचा खर्च वाचला.

कंप्रेसरविषयी गैरसमज फार. त्याने आवाज मोठा होतो असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो आवाजातील चढउतार कमी करतो. समजा, चारास एक असे प्रमाण ठेवले. ठरविलेल्या मर्यादेच्या वर आवाज आठ डेसिबल गेला, तर कंप्रेसर त्याला दोनच डेसिबल वर जाऊ देतो. ज्याची बोटे अजून एकसारखी पडत नाहीत, त्याला याची मदत होते. पण त्याचबरोबर आपली चूक त्याला ऐकूही येत नाही. म्हणून घरी सराव करताना कंप्रेसर बंद ठेवावा, असे आमचे मत आहे. किती दाब पडतो आहे हे दाखविणारे दिवे असलेले पेडल शिकणाऱ्याला अधिक सोयीचे, कारण सौम्य कंप्रेशन कानाला चटकन कळत नाही.

चिरका आवाज मुद्दाम का करावा?

ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ ही आवाज फाटका करणारी पेडल. या प्रकाराचा उगम मोठा गमतीचा आहे आणि तो बासशीच निगडित आहे. १९६० मध्ये नॅशविल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोंट वरी’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असता ग्रेडी मार्टिन हे सहा तारांची बास वाजवीत होते. मिक्सरच्या एका भागात बिघाड झाला आणि त्यांचे वादन भुंग्यासारखे फाटून उमटले. ते तसेच ठेवले गेले आणि पुढील वर्षी ते गाणे लोकप्रिय झाले. तेथील ध्वनितंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाडच एका छोट्या पेटीत बसविला, आणि १९६२ साली गिब्सन कंपनीने ती पेटी माएस्ट्रो फझ-टोन या नावाने विक्रीस आणली. १९६५ मध्ये पॉल मॅकार्टनी यांनी बीटल्सच्या ‘थिंक फॉर युवरसेल्फ’ या गाण्यात फझ लावून बास वाजविली.

मंदिरात असल्या आवाजाचे काय काम, असे वाचक विचारतील. फझचे नाहीच. परंतु अगदी सौम्य ओव्हरड्राइव्हचा एक उपयोग मात्र सांगण्यासारखा आहे. भिंतीवरील उभ्या, अरुंद स्पीकरमधून ४१ कंपनांचा स्वर जवळजवळ निघतच नाही. तरीही त्या स्वराचे ८२, १२३, १६४ असे उपस्वर ऐकू आले, तर आपला मेंदू हरवलेला मूळ स्वर आपणच भरून काढतो. किंचित ओव्हरड्राइव्ह हे उपस्वर वाढविते. परिणामी लहान स्पीकरवरही बासची ओळ समजते आणि आवाज वाढवावा लागत नाही. पेडल निवडताना त्यावर मूळ स्वच्छ आवाज मिसळण्याचे बटण आहे ना, हे अवश्य पाहावे. बॉसच्या ओडीबी-३ वर ते ‘बॅलन्स’ या नावाने आहे. गिटारसाठी बनविलेली बहुतेक ओव्हरड्राइव्ह पेडल खर्ज खाऊन टाकतात आणि या बटणाने ती उणीव भरून निघते.

उरलेली

ऑक्टेव्हर वाजविलेल्या स्वराखाली एक सप्तक खालचा स्वर जोडतो. बॉसचे ओसी-२ हे १९८२ चे पेडल या कामासाठी प्रसिद्ध झाले, आणि पिनो पॅलाडिनो यांनी बिनपट्टीच्या बासवर त्याचा सुंदर वापर केला. घुमणाऱ्या इमारतीत मात्र ते गोंधळच वाढविते. ‘एन्व्हलप फिल्टर’ हे बोटाच्या जोराप्रमाणे ‘वाव-वाव’ असा आवाज काढते. १९७२ च्या म्युट्रॉन-३ मुळे आणि बूट्सी कॉलिन्स यांच्या वादनामुळे ते गाजले. ते फंक संगीताचे खास लेणे. भजनाला शोभत नाही. कोरस हे संथ गीतात, वरच्या स्वरांवर, क्वचित छान वाटते. प्रतिध्वनी देणारी रिव्हर्ब आणि डिले ही पेडल बासवर घेऊच नयेत. दगडी मंदिर तो प्रतिध्वनी फुकट देते आणि नको म्हटले तरी देते.

ज्याला हे सारे चाखून पाहायचे आहे, त्याने सुटी पेडल घेण्याऐवजी एखादे मल्टिइफेक्ट घ्यावे. त्यात ट्यूनर, कंप्रेसर, ओव्हरड्राइव्ह आदी सारे एकाच पेटीत असते. सहा महिन्यांत त्यातील कोणते दोन प्रकार आपण खरोखर वापरतो हे कळून येते. तेवढेच पुढे चांगल्या प्रतीचे घ्यावे.

वीज, वायर आणि एक अपघात

पेडलपेक्षा अधिक घोटाळे वीजपुरवठ्यात होतात. बहुतेक पेडलना नऊ व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो आणि पिनच्या मध्यभागी ऋण टोक असते. कीबोर्डच्या कित्येक अॅडाप्टरमध्ये मात्र बारा व्होल्ट आणि मध्यभागी धन टोक असते. पिन दिसायला सारखीच. आमच्याच गायकवृंदात एका नाताळच्या पूर्वसंध्येला घाईत कीबोर्डचा अॅडाप्टर प्रीअॅम्पला लावला गेला. बारीकसा वास आला आणि पेडल कायमचे गप्प झाले. मध्यरात्रीची मिस्सा थेट मिक्सरवर निभावली. परंतु वर्गणीतून घेतलेले ते पेडल होते आणि त्याची भरपाई करायला पुढे आठ महिने लागले. तेव्हापासून प्रत्येक अॅडाप्टरवर रंगीत चिकटपट्टी लावून नाव लिहिण्याची शिस्त आम्ही पाळतो.

व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. मिलीअॅम्पियर मात्र गरजेइतके किंवा त्याहून अधिक चालतात. एकाच अॅडाप्टरवर अनेक पेडल लावायची असतील तर सर्वांच्या गरजेची बेरीज करावी. डिजिटल पेडल साध्या पेडलपेक्षा कित्येक पटींनी अधिक प्रवाह घेतात आणि सामायिक वायरीवर चिरचिरही आणतात. शक्य असल्यास प्रत्येक पेडलला स्वतंत्र, विलग पुरवठा देणारा संच घ्यावा.

आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची. तिची गुणगुण ५० आणि १०० कंपनांवर उमटते, आणि बासवरील खालचा ‘जी’ ४९ वर, तर मोकळी ‘जी’ तार ९८ वर आहे. म्हणजे गुणगुण नेमकी ‘जी’च्या अंगाला घासून बसते आणि त्या स्वरावर एक संथ हेलकावा ऐकू येतो. अनेकांना हा दोष गिटारचा वाटतो. तसे झाल्यास आधी अॅम्प, पेडल आणि मिक्सर एकाच पॉइंटवरून चालतात का ते पाहावे, मग डीआयवरील ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण दाबून पाहावे. प्लगची अर्थिंगची तिसरी पिन काढून गुणगुण घालविण्याचा उपाय काही जण सुचवितात. तो प्राणघातक ठरू शकतो आणि कोणत्याही परिस्थितीत करू नये.

जोडण्याचा क्रम साधारणतः असा ठेवावा : गिटारमधून प्रथम ट्यूनर, मग ऑक्टेव्हर असल्यास तो, कारण त्याला स्वच्छ एकेरी स्वर लागतो, त्यानंतर कंप्रेसर, ओव्हरड्राइव्ह, ईक्यू आणि शेवटी डीआय. कंप्रेसर व ओव्हरड्राइव्ह यांची अदलाबदल करून पाहण्यास हरकत नाही. पेडल बॅटरीवर चालत असेल, तर सराव संपताच त्यातून गिटारची वायर काढून ठेवावी. वायर आत असेपर्यंत बॅटरी चालूच राहते, मग पेडलचा दिवा विझलेला का असेना, आणि ती संपल्याचे पुढच्या रविवारी प्रवेशगीताच्या वेळीच कळते.