कुलूपबंद अक्षरे

इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाड्यांनी जमवले तसले मोडी कागद शंभर-दोनशे वर्षांचे असले, तरी लिपी जाणणारा माणूस मिळाला की वाचता येतात. उलट पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर जुळवलेले पुस्तक आज उघडावे, तर पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी!

असे का व्हावे? विंडोज ९५ आल्यावर जळगाव-धुळ्याकडच्या छापखान्यांतही शिशाचे खिळे गेले. पेजमेकर आणि त्याच्या जोडीला श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएम आले. लग्नपत्रिकेपासून अहिराणी गाण्यांच्या पुस्तिकेपर्यंत सारे त्यावर जुळू लागले. पण या फाँटांमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले होते. काना वेगळा, वेलांटी वेगळी. आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. फाँट नाही, तर मजकूर नाही.

युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती आणि विंडोज २००० ला मराठी कळूही लागली. पेजमेकरला मात्र युनिकोड कधीच आले नाही. त्याची सातवी आवृत्ती २००१ ची, तीच शेवटची मोठी.

आता जुनी सीडी नव्या संगणकात घातली, तर अडते कुठे? ६४ बिटांचे विंडोज १६ बिटांचा जुना सेटअप चालवतच नाही. डोंगलचा ३२ बिटांचा ड्रायव्हरही घेत नाही. आणि जुने डोंगल लावायला प्रिंटरचे ते रुंद पोर्ट तरी कुठे आहे? ‘कम्पॅटिबिलिटी’चा पर्याय इथे उपयोगी पडत नाही.

मार्ग दोन. मजकूर वर्डमध्ये असेल, तर बहुधा नुसता मूळ फाँट बसवून भागते. पेजमेकरच्या फाइलसाठी एक्सपीचा एखादा जुना संगणक राखावा; मात्र तो इंटरनेटला जोडू नये, कारण एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली. मजकूर उघडला की परिवर्तकाने तो युनिकोडमध्ये घ्यावा आणि छापील प्रतीशी ताडून पाहावा. रफार आणि जोडाक्षरे हमखास दगा देतात.

बहिणाबाईंची गाणी घरच्यांनी कागदावर उतरवून ठेवली, म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक होऊ शकले. आपल्या कपाटातल्या सीडीचेही तसेच आहे. जुना संगणक भंगारात देण्याआधी त्यातली अक्षरे तेवढी बाहेर काढा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)