मधला दिवस

प्रवासात आता निघणं आणि पोहोचणं एवढ्या दोनच गोष्टी उरल्या आहेत. मधला भाग विमानाने खाऊन टाकला. न्यूयॉर्कला विमानात बसावं, पुढ्यात आलेला भात चिवडावा, मान वाकडी करून पाच-सहा तास काढावेत, की लंडन. खाली अटलांटिक नावाचा महासागर होता हे भूगोलाच्या पुस्तकावर विश्वास ठेवून मान्य करायचं.

हा मधला भाग नेमाने शाबूत ठेवणारी एक बोट आहे. ‘क्वीन मेरी २’. २००४ सालापासून ती न्यूयॉर्क ते साउथॅम्प्टन ये-जा करते. लांबी ३४५ मीटर. आपली बारा डब्यांची लोकल हिच्या डेकवर उभी केली, तर पुढे भजीवाल्याला गाडी लावायला जागा उरेल! आत नाटकगृह, वाचनालय, तारांगण. कुत्र्यांनासुद्धा राहायला खोल्या, आणि त्यांची अडचण होऊ नये म्हणून एक विलायती दिव्याचा खांब नि एक अमेरिकन पद्धतीचा आगीचा बंब. ज्याचा जसा देश, तशी त्याची सोय.

मुलीकडे न्यू जर्सीत तीन महिने राहून परतताना जावयाने हौसेने आम्हाला हिचं तिकीट काढून दिलं. सात रात्री. मधले दिवस निव्वळ पाण्याचे. ना बंदर, ना किनारा. आमच्या पिढीच्या माणसाला ‘आज काही काम नाही’ हे वाक्य आजारपणाशिवाय माहीत नाही. तिसऱ्या दिवशी मी डेकवरच्या आरामखुर्च्या मोजून काढल्या.

या रिकामपणाला मोठा इतिहास आहे. सॅम्युअल क्युनार्ड या गृहस्थाने ४ जुलै १८४० रोजी लिव्हरपूलहून ‘ब्रिटानिया’ ही आगबोट सोडली, ती लोकांची हवापालट व्हावी म्हणून नव्हे. सरकारी टपाल वेळेवर पोचवण्याचा ठेका त्याने घेतला होता. माणसं आपली टपालाबरोबर जायची. बारा-तेरा दिवसांत हॅलिफॅक्स. ताज्या दुधासाठी बोटीवर एक गाय बांधलेली असे. १८४२ च्या जानेवारीत चार्ल्स डिकन्स याच बोटीने गेला. खोलीचा आकार पाहूनच तो हबकला, आणि पुढे समुद्राने त्याला असा काही घुसळला की परत येताना त्याने सरळ शिडाचं जहाज पकडलं. आगबोटीची एवढी परखड समीक्षा दुसऱ्या कोणी केली नसेल.

पुढे बोटी मोठ्या झाल्या, वेगवान झाल्या. बोटीने चोवीस तासांत किती मैल काटले यावर पहिल्या वर्गातले साहेबलोक पैसे लावू लागले. दुपारी आकडा जाहीर व्हायचा. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर मुंबईत मटका लावणाऱ्यांना आपण उगाच नावं ठेवली! पण या साहेबांच्या सूपचा नि बँडचा खर्च मोठ्या प्रमाणावर निघायचा तो तळाशी कोंबलेल्या गरीब उतारूंच्या भाड्यातून. ‘टायटॅनिक’वर १९१२ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या सातशेहून अधिक माणसांना आंघोळीची टबं होती दोन. आमच्या गिरगावातल्या चाळीचं प्रमाण याहून बरं होतं.

मग १९२४ मध्ये अमेरिकेने कायदा करून बाहेरून येणाऱ्यांची संख्या आवळली. बोटींचे तळ रिकामे पडले. कंपन्यांनी ते झाडूनपुसून, रंग लावून मास्तर नि विद्यार्थी यांना विकायला काढले. अशा रीतीने मध्यमवर्ग समुद्रावर आला. रिकाम्या झालेल्या जागेवर, जरा सवलतीत. आपला प्रवेश कुठेही असाच होतो म्हणा.

१९५८ च्या ऑक्टोबरात जेट विमानं अटलांटिक ओलांडू लागली आणि बोटींची घाई संपली. आता गंमत पाहा. ‘युनायटेड स्टेट्स’ नावाच्या बोटीने १९५२ मध्ये हा महासागर तीन दिवस, दहा तास, चाळीस मिनिटांत पार केला होता. आजची राणीसरकार सात रात्री घेते! पोचण्याचं काम विमानाने काढून नेलं, तेव्हा बोटीने न पोचण्याचे पैसे घ्यायला सुरुवात केली.

पण या संथपणातही एक गोष्ट रोज न चुकता घडते. पूर्वेकडे जाताना भरदुपारी बाराला घड्याळ एक तास पुढे करतात. बाराचा एकदम एक. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, न्यूयॉर्क नि इंग्लंड यांत पाच तासांचं अंतर. ते पाच दिवसांत असं हप्त्याहप्त्याने फेडायचं. जेवणघरात गोव्याचा एक तारवटी होता. त्याचे वडील बोटीवर, आजोबाही बोटीवर. तो आमच्या हिला म्हणाला, “मावशी, घड्याळ फिरवा हां, नायतर जेवण चुकेल.” मला वाटलं, ही म्हणेल माझी वामकुक्षी गेली. ती घड्याळाकडे बघत एवढंच म्हणाली, “काल लेक दोन तास लांब होती. आज तीन.”

फोन लागत होता. मुलीचा चेहराही दिसत होता. पण विमानात हे अंतर झोपेत एकदम कापून टाकतात, इथे ते रोज थोडं थोडं हातात देत होते, आणि ती ते रोज थोडं थोडं ठेवून घेत होती.

त्या दुपारी मला आनंदीबाई जोशी आठवल्या. समुद्र ओलांडणं पाप होतं तो काळ. नवऱ्याला मागे ठेवून, अठरा वर्षांची ही मुलगी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत चढली, ती जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. सोबत मिशनरी बायका. आपल्या माणसांतलं कोणी नाही. १८८६ मध्ये डॉक्टर होऊन त्या परतल्या, आणि पुढच्याच वर्षी, बावीस पुरी व्हायच्या आत गेल्या. त्या वाटेवर किती मधले दिवस त्यांनी काढले असतील! तेव्हा खुर्ची टाकून पाणी बघत बसणं ही चैन नव्हती. मागच्यांना कसं वाटत असेल, पुढचे काय म्हणतील, हे सगळं त्या पाण्यावरच निस्तरायचं होतं. लुगडं नेसून, शाकाहार सांभाळून.

आम्ही त्याच पाण्यावर चार वाजताचा चहा घेत होतो. पांढरे हातमोजे घातलेला मुलगा केक वाढत होता. हिने केक नको म्हटलं, डबा उघडला आणि लेकीने बांधून दिलेला लाडू निम्मा मोडून मला दिला. उरलेला निम्मा तिने पुन्हा डब्यात ठेवला. अजून दोन तास पुढे जायचे होते.