पायविहीर, सायक्लॉप्स आणि नारू

सायक्लॉप्स ही गोड्या पाण्यातल्या कवचधारी जिवांची एक प्रजाती. लांबी जेमतेम एक-दोन मिलिमीटर. कपाळावर एकच डोळा, म्हणून ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसाचे नाव. अशा पाण्याचा पेला उजेडात धरला, की पांढरट ठिपके झटक्या-झटक्याने उड्या मारताना दिसतात. मादीच्या शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबत असतात.

वर्धा आणि पैनगंगा यांच्यामधल्या यवतमाळ जिल्ह्यात, किंबहुना सगळ्या विदर्भात, पूर्वी पिण्याचे पाणी विहिरींचे. त्यांतल्या पायविहिरीत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, माणूस थेट पाण्यात उतरे आणि घोटाही भिजे. नारू या जंताच्या रोगाचे सारे इंगित इथेच आहे. पायाच्या फोडातून डोकावणारी नारूच्या जंताची हातभर लांब मादी पाणी लागताच हजारो अळ्या सोडते. त्या सायक्लॉप्स गिळतो, सायक्लॉप्ससकट पाणी माणूस पितो, आणि सुमारे वर्षाने नवा फोड येतो. बाहेर आलेला जंत काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा, हाच उपाय. तुटला तर जखम चिघळे.

सायक्लॉप्सचा हा वाटा रशियन निसर्गशास्त्रज्ञ फेदचेन्को यांनी १८७० च्या सुमारास दाखवला. तरी भारतात निर्मूलन मोहीम निघाली ती १९८३-८४ मध्ये. तेव्हा देशात सुमारे ४० हजार रुग्ण होते आणि बाधित राज्यांत महाराष्ट्रही होता. औषध किंवा लस नव्हतीच. पायऱ्या बंद करणे, हातपंप, सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस हे रसायन आणि पाणी गाळायचे फडके, एवढ्यावर काम झाले. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. सायक्लॉप्स मात्र विहिरी-तळ्यांत आजही आहे.