सनदी शहराची कुळकथा

जुलै २००९मध्ये ऑक्सफर्डच्या एका व्यासपीठावरून पॉल रोमर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी एक योजना मांडली. गरीब देशाने ओसाड जमिनीचा एक मोठा तुकडा नव्या शहरासाठी बाजूला काढावा. तिथले कायदे कोऱ्या कागदावर लिहावेत आणि ते पाळले जातील याची हमी कॅनडासारख्या, चांगल्या कारभाराचा लौकिक असलेल्या देशाने घ्यावी. ज्यांना हे नियम पटतील त्यांनी तिथे राहायला यावं. देश गरीब राहतात ते तिथले नियम वाईट असतात म्हणून, हे या योजनेमागचं निदान. रोमर यांनी तिला ‘चार्टर सिटी’, म्हणजे सनदी शहर, असं नाव दिलं. तिचं कूळ शोधायला निघालं की आपण मुंबईत येऊन पोहोचतो.

१६६१च्या विवाह-करारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली. २७ मार्च १६६८ रोजी दुसऱ्या चार्ल्सने ती वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. त्या सनदेने कायदे करण्याचा आणि न्यायनिवाड्याचा अधिकार एका व्यापारी कंपनीला मिळाला. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरने तो हुशारीने वापरला. १६७२मध्ये न्यायालय सुरू झालं. पुढे बेटावरच्या जमीनधारकांशी करार झाला: त्यांनी वर्षाला वीस हजार शेराफिन भरायचे, कंपनीने त्यांच्या जमिनी कायम करायच्या. धर्माचरणाला मोकळीक मिळाली आणि बाहेरचे व्यापारी येऊ लागले. रोमर यांच्या योजनेतली जवळजवळ सगळी सामग्री इथे हजर आहे.

पण बेटं ओसाड नव्हती. कोळी, भंडारी, आगरी तिथे आधीपासून नांदत होते, आणि सनद लंडनमध्ये लिहिताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. कारभार बिघडला तर दाद कुठे मागायची, याचीही सोय नव्हती. १६८३मध्ये कंपनीच्या काटकसरीला कंटाळून कॅप्टन रिचर्ड कीगविनने बंड केलं आणि राजाच्या नावाने मुंबई जवळपास वर्षभर ताब्यात ठेवली. कंपनीच्याच सैनिकांना गाऱ्हाणं मांडायला बंडाखेरीज मार्ग उरला नव्हता, तिथे रयतेची काय कथा!

ही उणीव भरून निघायला दोन शतकं लागली. १८६५पासून आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर होते. त्यांनी शहर स्वच्छ केलं, बाजार बांधले, पण खर्चाला लगाम राहिला नाही आणि पालिका कर्जात बुडाली. करदाते १८७१मध्ये उसळले, आणि १८७२च्या कायद्याने ६४ सभासदांच्या पालिकेत निम्म्या जागा करदात्यांनी निवडून द्यायच्या ठरल्या. गिरणीत राबणाऱ्यांना मत नव्हतंच. तरीही राज्यकर्त्याला हिशेब विचारणारी सभा मुंबईत उभी राहिली, ती मुंबईकरांनी भांडून मिळवली म्हणून.

रोमर यांचा स्वतःचा लाडका दाखला हाँगकाँगचा. १८४२मध्ये ब्रिटनने चीनकडून हे बेट घेतलं आणि पुढे लाखो चिनी लोक आपणहून तिथे राहायला आले, हे खरंच आहे. मात्र परक्या राज्याने आपोआप स्वच्छ कारभार आणला, हे खरं नाही. १९७०च्या सुमारास तिथलं पोलीस खातं लाचखोरीने पोखरलेलं होतं. पीटर गॉडबर हा बडा ब्रिटिश पोलीस अधिकारी चौकशी सुरू असतानाच जून १९७३मध्ये ब्रिटनला पळाला. लोक रस्त्यावर उतरले, विद्यार्थ्यांनी सभा घेतल्या, आणि फेब्रुवारी १९७४मध्ये भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र आयोग स्थापन झाला. गॉडबरला परत आणून तुरुंगात टाकलं गेलं. ज्या स्वच्छ हाँगकाँगचे गोडवे आज गायले जातात, त्याची सुरुवात इथे झाली. शेजारच्या शेनझेनमध्ये १९८०पासून नवे नियम आले, ते तर चीनने स्वतःच्या अधिकाऱ्यांकरवी राबवले.

या कुळातलं सर्वांत धाकटं अपत्य होंडुरासमध्ये जन्मलं. २०११मध्ये तिथल्या संसदेने घटना बदलून सनदी शहरांना वाट करून दिली. आपल्याला कबूल केलेली देखरेख समिती कधी कामालाच लागली नाही, हे पाहून रोमर २०१२मध्ये बाजूला झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवला. डिसेंबरमध्ये संसदेने घटनापीठातल्या चार न्यायाधीशांना दुसऱ्या एका निकालाचं कारण दाखवून काढून टाकलं, आणि २०१३मध्ये तसाच कायदा नव्या नावाने आणला. त्याखाली रोआतान बेटावर एका अमेरिकी कंपनीचं ‘प्रोस्पेरा’ उभं राहिलं. लागूनच क्रॉफिश रॉक नावाचं कृष्णवर्णीयांचं गाव आहे. आपली जमीन जाईल या भीतीने गावकऱ्यांनी विरोध केला. एप्रिल २०२२मध्ये नव्या संसदेने कायदा एकमताने रद्द केला, तेव्हा कंपनीने आंतरराष्ट्रीय लवादाकडे सुमारे एक हजार कोटी डॉलरचा दावा ठोकला. सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शहरंही घटनाबाह्य ठरवली.

वाईट कारभाराने गांजलेल्या माणसाला चांगल्या नियमांच्या शहराची ओढ वाटते, आणि त्या ओढीचा मला मनापासून आदर आहे. नियम पटले नाहीत तर निघून जावं, हे रोमर यांचं उत्तर मात्र पुरेसं नाही. नव्याने येणाऱ्याला ते लागू पडेल. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणारा कोळी किंवा क्रॉफिश रॉकचा गावकरी जाणार कुठे? मुंबई आणि हाँगकाँग या दोन्ही शहरांत कारभार सुधारला तो रहिवाशांनी जाब विचारायला सुरुवात केल्यावर. होंडुरासमध्ये ज्या सरकारचा कारभार वाईट म्हणून हा उपाय शोधला, त्याच सरकारने न्यायाधीश हटवून तो राबवला. दुखणं उपायातच शिरलं. म्हणून उद्या कुणी पुन्हा अशी सनद लिहायला बसलाच, तर करांच्या आणि जमिनीच्या कलमांआधी त्याने एक कलम लिहावं: या शहरात राहणाऱ्यांनी आपला कारभारी कसा बदलायचा.