नऊ हजार फेऱ्यांमागचे हात

1206 मध्ये दियारबकरच्या अर्तुकी दरबारातील कारागीर अल-जझरी याने आपल्या ग्रंथात पाणी उपसण्याच्या एका यंत्राचे वर्णन केले. त्यात चाकाच्या फिरण्यातून दट्ट्याची ये-जा साधली होती. आजचे पिस्टन इंजिन हाच व्यवहार उलट्या दिशेने करते. दट्ट्याच्या ये-जा करण्यातून चाक फिरवते. पण या देवघेवीची एक किंमत असते. दट्ट्या प्रत्येक फेरीत दोनदा थांबतो आणि दिशा बदलतो. फेऱ्या दुप्पट केल्या की हा झटका चौपट होतो. मग मुळातच गोल फिरणारे इंजिन का करू नये?

या प्रश्नाशी नाव जोडले गेले ते जर्मनीच्या फेलिक्स वांकेलचे. त्याच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. तो तरुणपणापासून नाझी पक्षात होता आणि पुढे एसएसमध्येही गेला. हा भाग सोडून त्याची गोष्ट सांगणे मला पटत नाही. 1957 मध्ये एनएसयू कंपनीत त्याचे पहिले इंजिन चालले. त्यात आतला तीनकोनी रोटर फिरे आणि बाहेरचे आवरणही फिरे. दोघे आपापल्या केंद्राभोवती फिरत असल्याने हादरे नव्हते, आणि फेऱ्या मिनिटाला 17 हजारांपर्यंत जात. पण स्पार्क प्लग बदलायचा तर सगळे इंजिन खोलावे लागे. तेव्हा हान्स डिटर पाश्के या अभियंत्याने आवरण स्थिर ठेवले आणि फक्त रोटर फिरवला. माझ्या शर्यतीच्या घोड्याला तुम्ही नांगराला जुंपलेत, अशा अर्थाची तक्रार वांकेलने केल्याचे सांगतात. पुढे जगभर गाड्यांत बसले ते पाश्केच्या रचनेचे इंजिन. नाव मात्र वांकेलचेच राहिले.

1961 मध्ये हिरोशिमाच्या टोयो कोग्यो कंपनीने, म्हणजे आजच्या मॅझ्दाने, परवाना घेतला. अणुबॉम्ब पडून तेव्हा सोळा वर्षे झाली होती. केनिची यामामोटो यांच्या हाताखाली 47 अभियंते दिले गेले. जपानी लोककथेतील 47 रोनिन सामुराईंची आठवण काढून त्यांना तेच नाव पडले. त्यांच्यापुढचे संकट रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांत होते. या पट्ट्या आवरणाच्या भिंतीला घासत जातात आणि वायू अडवून धरतात. वेगात त्या थरथरत आणि भिंतीवर आडव्या रेघा उमटत. या रेघांना तिथे सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. पट्टीचा आकार आणि धातू पुन्हा पुन्हा बदलून, शेवटी कार्बन-अॅल्युमिनियमची पट्टी वापरून त्यांनी ते थांबवले. 1967 मध्ये कॉस्मो स्पोर्ट विक्रीला आली. पुढच्याच वर्षी नुर्बुर्गरिंगच्या 84 तासांच्या शर्यतीत तिने चौथा क्रमांक मिळवला.

शर्यतीसाठी हे इंजिन बांधणे म्हणजे पुन्हा त्या पट्टीपाशीच येणे. दांड्याच्या तीन फेऱ्यांत रोटरची एकच फेरी होते. म्हणजे दांडा 9000 वर असताना रोटर 3000 वरच असतो. झडपा नसल्याने त्या मागे पडण्याची भीतीही नाही. पण वेग वाढला की पट्टी बाहेर फेकली जाते आणि भिंतीवर दाबली जाते. दांडा किंचित वाकतो आणि रोटरची कड बाजूला लागू शकते. म्हणून रोटर हलके करायचे, काळजीपूर्वक तोलायचे, कडेची फट नेमकी राखायची.

मॅझ्दाच्या आर-26-बी इंजिनात 654 घनसेंटिमीटरचे चार रोटर होते. पट्ट्या सिरॅमिकच्या होत्या. ज्वलनाची जागा लांबट असल्याने प्रत्येक रोटरला तीन प्लग होते. फेऱ्यांप्रमाणे लांब-आखूड होणाऱ्या नळ्यांतून हवा आत येई. 9000 फेऱ्यांवर 700 अश्वशक्ती मिळे. जून 1991 मध्ये ल मॉंच्या 24 तासांच्या शर्यतीत हे इंजिन बसवलेली 787-बी गाडी एकोणिसाव्या जागेवरून निघाली. शेवटचे तीन तास उरले असताना आघाडीवरची मर्सिडीज तापून थांबली. हर्बर्ट, वाइडलर आणि गाशो यांची गाडी 362 फेऱ्या पूर्ण करून पहिली आली. अखेरचा टप्पा चालवणारा हर्बर्ट पाणी कमी पडून इतका गळाला की विजयमंचावर चढू शकला नाही.

ती जिंकली म्हणून रोटरीवर बंदी आली, असे अनेकजण सांगतात. ते खरे नाही. साडेतीन लिटरच्या पिस्टन इंजिनांचा नियम आधीच ठरला होता. तिला ती शेवटची संधी होती. शिवाय तिला 830 किलो वजनाची सवलत होती, मोठ्या प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्या 1000 किलोच्या होत्या. हेही सांगितले पाहिजे. कौतुकाने हिशेब झाकू नये.

उर्दूत शिकवणारा उस्ताद, आणि आपल्याकडच्या गॅरेजमध्ये इंजिन खोलणाराही उस्ताद. एकाच शब्दात दोघांना मान आहे. इतिहास मात्र पाटीवरचे एकच नाव लक्षात ठेवतो. वांकेलची कल्पना मोठी होती, आणि त्याचे राजकारण निंद्य होते. दोन्ही गोष्टी लिहून ठेवायला हव्यात. पण ती कल्पना 24 तास टिकली ती पाश्केच्या रचनेमुळे, आणि हिरोशिमातल्या त्या 47 जणांमुळे, ज्यांनी एका पट्टीसाठी वर्षे घालवली. वर्गात मुलांना शोधकाचे नाव पाठ करून घेताना आपण दुसरा प्रश्नही विचारायला हवा: हे चालते कुणी केले?