अर्थिंग व बाँडिंग, परसातील शेडचे (ब्रिटन)

घरातल्या वितरण पेटीवरून परसातल्या गॅरेजला, कार्यशाळेला किंवा काचघराला वीज नेताना अर्थ वायर व बाँडिंगची वायर किती जाड घ्यावी, याचा हिशेब. ब्रिटनमध्ये तो बीएस ७६७१ या मानकाप्रमाणे करतात. दोन्ही तारांचे आवरण हिरवे-पिवळेच. जाडी मात्र निरनिराळ्या कारणांनी ठरते.

अर्थ वायरला दोषप्रवाह सोसायचा असतो तो एमसीबी पडेपर्यंतच. प्रवाहाच्या वर्गाला सेकंदांनी गुणावे, वर्गमूळ काढावे आणि धातू व आवरण यांवरून ठरणाऱ्या गुणांकाने भागावे. आलेले उत्तर म्हणजे चौ. मिमी.मधील किमान छेद. ५०० अँपिअर ०.१ सेकंद वाहिले, तर केबलमधल्या पीव्हीसी-आवरणाच्या तांब्याला (गुणांक ११५) जेमतेम १.४ चौ. मिमी. पुरतात. एक्सएलपीई केबलच्या पोलादी कवचाला (गुणांक ४६) साडेतीनही लागत नाहीत. शेडसाठी नेहमी वापरतात त्या केबलच्या कवचात याहून कितीतरी जास्त पोलाद असते. गणित करायचे नसेल, तर १६ चौ. मिमी.पर्यंत फेजच्या तारेइतकीच तांब्याची अर्थ वायर घ्यावी.

बाँडिंगचा प्रश्न उद्‌भवतो तो शेडमध्ये जमिनीतून धातूचा नळ येत असेल किंवा सांगाड्याचे पोलादी खांब जमिनीत रोवलेले असतील तर. नळ प्लॅस्टिकचा असला, तर त्याला बाँडिंग लागत नाही. घराचा पुरवठा पीएमई पद्धतीचा असेल, तर रस्त्याखालून येणारी न्यूट्रल आणि अर्थ ही एकच तार असते. ती तुटली की घरचा प्रवाह परतीची वाट शोधत शेडच्या नळातून जमिनीत उतरतो. एमसीबीला यात काहीच वावगे दिसत नाही, त्यामुळे तो तासन् तास वाहू शकतो. म्हणून इथे दोषकाळाचे गणित चालत नाही, तक्ता पाहावा लागतो: पुरवठ्याची न्यूट्रल ३५ चौ. मिमी.पर्यंत असेल तर बाँडिंग १० चौ. मिमी. तांबे, ५०पर्यंत असेल तर १६. वीज वितरक याहून जाड तारही मागू शकतो. न्यूट्रल पाहायची ती घराच्या पुरवठ्याची, शेडच्या केबलची नव्हे. चूक बहुधा इथेच होते.

मघाचे कवच या कसोटीत नापास होते. पोलादाची वाहकता तांब्याच्या सुमारे एक-अष्टमांश, म्हणजे १० चौ. मिमी. तांब्याच्या जागी ऐंशीएक चौ. मिमी. पोलाद हवे. त्यामुळे शेडची फेज ४ चौ. मिमी.ची असली, तरी केबलसोबत १० चौ. मिमी.ची वेगळी तांब्याची वायर टाकावी लागते.

दुसरा मार्ग टीटी पद्धतीचा: घरची अर्थ शेडपर्यंत न नेता तिथे स्वतंत्र रॉड ठोकायचा आणि आरसीडी बसवायचा. ३० मिलिअँपिअरच्या आरसीडीला कागदावर १,६६७ ओहमचा रॉडही चालतो. पण २००च्या वर गेलेला रोध कोरड्या दिवसांत भरवशाचा राहत नाही. रॉडकडे जाणारी, गंजापासून सुरक्षित पण आघातापासून असुरक्षित अशी पुरलेली तांब्याची तार किमान १६ चौ. मिमी.ची हवी. बाँडिंग तिच्या निम्मे, मात्र ६ चौ. मिमी.हून कमी नको. केबलचे कवच घराच्या टोकाला अर्थला जोडतात आणि शेडच्या टोकाला तिथल्या अर्थपासून अलग ठेवतात.

हे आकडे ब्रिटनचे आहेत. भारतातील अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ही संहिता पाहावी.