पीटरसन, सँडी

पीटरसन, सँडी : (जन्म १६ सप्टेंबर १९५५). अमेरिकन खेळरचनाकार. पूर्ण नाव कार्ल सॅनफर्ड जॉस्लिन पीटरसन. ‘कॉल ऑफ कथुलू’ (१९८१) या भयखेळाचे कर्ते म्हणून जगभर ओळखले जातात. ‘डूम’, ‘क्वेक’ आणि ‘एज ऑफ एम्पायर्स’ या संगणकखेळांच्या रचनेतही त्यांचा मोठा वाटा आहे. खेळणाऱ्याच्या भीतीला नियमांत बसवून दाखवणे ही त्यांची खरी कामगिरी.

पीटरसन यांचे महत्त्वाचे काम ज्या प्रकारात आहे त्याला रोल-प्लेइंग गेम, म्हणजे भूमिकाखेळ म्हणतात. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात आणि आपण काय करतो ते सांगतात. जिथे यशापयश अनिश्चित असेल तिथे फासे टाकले जातात. पट आणि सोंगट्या असल्या तरी चालतात, नसल्या तरी अडत नाही. हा प्रकार १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मुळे रूढ झाला. त्या खेळात पात्र राक्षस मारते, खजिना मिळवते आणि उत्तरोत्तर बलवान होत जाते. पुढे काही वर्षे या प्रकारातले बहुतेक खेळ याच वाटेने गेले. पीटरसन यांनी वाट उलटी केली. त्यांच्या खेळात पात्राला जितके अधिक कळते तितके ते खचत जाते.

त्यांचा जन्म मिसूरी राज्यातल्या सेंट लुइस शहरात झाला. लहानपणी वडिलांच्या पुस्तकांत त्यांना एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) या लेखकाचा एक कथासंग्रह सापडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांसाठी खिशात मावतील अशी स्वस्त पुस्तके छापली जात, त्यांपैकीच तो एक होता. लव्हक्राफ्टच्या कथांतले भय भुताखेतांचे नाही. विश्व अफाट आहे, त्यात माणसापेक्षा कितीतरी जुन्या आणि प्रचंड शक्ती आहेत, आणि त्यांना माणसाचे काहीही देणेघेणे नाही, हे उमगण्याचे ते भय आहे. ‘द कॉल ऑफ कथुलू’ ही त्याची कथा ‘विअर्ड टेल्स’ मासिकात फेब्रुवारी १९२८ मध्ये आली. समुद्रतळाशी निद्रिस्त असलेला कथुलू तिच्यातूनच वाचकांपुढे आला. लव्हक्राफ्टच्या लेखनात वांशिक तिरस्कार उघड दिसतो आणि त्याच्यावर आधारलेल्या कोणत्याही कामाला या वारशाचा हिशेब करावाच लागतो, हेही येथे नोंदवले पाहिजे.

शिक्षणात पीटरसन यांनी प्राणिशास्त्राची वाट धरली. ब्रिगहॅम यंग विद्यापीठात आणि नंतर बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ते शिकले. ही माहिती चरित्रातला किरकोळ तपशील म्हणून सोडून देता येत नाही, कारण राक्षसाकडे प्राणी म्हणून पाहण्याची त्यांची सवय पुढच्या जवळजवळ प्रत्येक कामात दिसते. तो राहतो कुठे, खातो काय, त्याची पिल्ले कशी वाढतात, हे प्रश्न त्यांना आधी पडतात.

कॅलिफोर्नियातल्या केऑसियम या कंपनीशी त्यांचा संबंध याच काळात आला. ग्रेग स्टॅफर्ड यांनी १९७५ मध्ये ती स्थापन केली होती आणि ‘रूनक्वेस्ट’ (१९७८) हा तिचा गाजलेला खेळ होता. स्टॅफर्ड यांनी कल्पिलेल्या ग्लोरान्था या जगात तो घडतो. लव्हक्राफ्टच्या स्वप्नभूमीवर ‘रूनक्वेस्ट’ची एक पुरवणी करावी, असा प्रस्ताव पीटरसन यांनी कंपनीकडे पाठवला. कंपनीने लव्हक्राफ्टवरचा स्वतंत्र खेळ आधीच एका लेखकाकडे सोपवला होता. ते काम पुढे सरकेना, तेव्हा ते पीटरसन यांच्याकडे आले.

‘कॉल ऑफ कथुलू’ १९८१ मध्ये पेटीच्या स्वरूपात प्रसिद्ध झाला. पेटीत मुख्य नियमपुस्तकाबरोबर केऑसियमच्या सर्व खेळांना समान असलेल्या मूलभूत नियमांची पुस्तिका होती आणि १९२०च्या दशकातल्या जगाची माहिती देणारी आणखी एक पुस्तिका होती. खेळणारे ‘इन्व्हेस्टिगेटर’, म्हणजे शोध घेणारे असतात. ते प्राध्यापक, पत्रकार, डॉक्टर, खाजगी गुप्तहेर अशी साधी माणसे असतात. प्रसंग सांगणाऱ्याला ‘कीपर’, म्हणजे गूढ ज्ञानाचा राखणदार म्हणतात. कौशल्ये शेकड्यात मोजली जातात. दोन दहापैलू फाशांवर आपल्या टक्केवारीइतका किंवा त्याहून कमी आकडा पडला की काम साधले. तलवारबाजीच्या जागी येथे ग्रंथालयात नेमके पुस्तक किंवा जुने कात्रण शोधून काढण्याचे कौशल्य मोलाचे ठरते. बंदुका असतात, पण त्यांच्यावर भिस्त ठेवणारा फार टिकत नाही.

या खेळाचे मर्म ‘सॅनिटी’, म्हणजे मनाचा तोल दाखवणाऱ्या एका आकड्यात आहे. पात्राच्या मनोबलाच्या आकड्याला पाचाने गुणले की सुरुवातीचा तोल मिळतो. प्रेत पाहिले, राक्षस दिसला, निषिद्ध ग्रंथ वाचला की फासे टाकायचे. फासे विरुद्ध पडले तर तोल घटतो, आणि दृश्य फारच भयंकर असेल तर अनुकूल पडूनही थोडा घटतोच. मनावर आघात होतो ही कल्पना पीटरसन यांना एका नियतकालिकातल्या लेखातून मिळाली होती. तिच्यावरून अख्खा खेळ चालवायचा, हा निर्णय मात्र त्यांचा.

यातले दोन बारकावे पाहिले की त्यांची प्रतिभा कळते. एकाच धक्क्यात तोल पाच किंवा अधिक अंकांनी घसरला, तर पात्राच्या बुद्धीची फाशांवर परीक्षा होते. ती जो उत्तीर्ण होतो त्याला वेड लागते, कारण आपण काय पाहिले ते त्याला समजलेले असते. ज्याला समजले नाही तो वाचतो. दुसरा नियम त्या आदिम शक्तींविषयीच्या ज्ञानाचा. हे ज्ञानही शेकड्यात मोजले जाते आणि ते जितके वाढेल तितकी तोलाची कमाल मर्यादा ९९ वरून खाली येते. पुढे कितीही विश्रांती घ्या, ती मर्यादा ओलांडता येत नाही. संकट थोपवायचे तर ज्ञान हवे, आणि ज्ञान मिळवायचे तर मनाचा एक तुकडा कायमचा द्यायचा. लव्हक्राफ्टने पानेच्या पाने वर्णन करून जे साधले, ते येथे एका वजाबाकीने साधले आहे. साहित्यकृतीचा आशय इतक्या नेमकेपणाने नियमांत उतरल्याची दुसरी उदाहरणे या क्षेत्रात फार थोडी सापडतील.

खेळाची चाचणी चालू असतानाची एक हकिगत पीटरसन सांगतात. एका प्रसंगात राक्षस प्रकट होऊ लागला, तेव्हा चाचणीला बसलेले खेळाडू एकामागून एक सांगू लागले, की आमच्या पात्रांनी डोळे मिटले, पाठ फिरवली. इतर खेळांत राक्षस दिसताच खेळाडू शस्त्र उपसत. आपला खेळ जमला, हे त्यांना त्या क्षणी कळले.

खुद्द कथुलूसाठीचा नियम रसिकांच्या तोंडी बसलेला आहे. जुन्या आवृत्त्यांत तो दर फेरीला एक ते तीन शोधकर्त्यांना उचलून संपवतो. किती जणांना, एवढेच फासा ठरवतो. पळता येते, विधी उधळता येतो, पण लढून जिंकता येत नाही.

१९८२ मध्ये ‘शॅडोज ऑफ योग-सोथोथ’ ही अनेक प्रकरणांची मोठी मोहीम आली. या प्रकारच्या मोहिमांत सर्वश्रेष्ठ मानली जाणारी ‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ (१९८४) मात्र पीटरसन यांची नव्हे. ती लॅरी डिटिलिओ यांनी लिन विलिस यांच्या साथीने लिहिली. खेळाच्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि २०१४ च्या सातव्या आवृत्तीत नियमांची मोठी फेररचना झाली. जपानमध्ये हा खेळ विशेष लोकप्रिय आहे. मानसिक आजाराचे जुन्या आवृत्त्यांतले चित्रण आज ढोबळ वाटते. भयगंडांच्या यादीतून एखादा निवडून पात्राला चिकटवायचा, ही पद्धत आजारी माणसाच्या वेदनेला न्याय देत नाही. मूळ कल्पना मात्र या दोषामुळे डागाळत नाही, कारण तिचा विषय आजार नसून असह्य ज्ञान हा आहे.

प्राणिशास्त्रज्ञाची नजर सर्वांत सुंदर रीतीने दिसते ती ‘ट्रोलपॅक’ (१९८२) मध्ये. स्टॅफर्ड यांच्या साथीने केलेल्या या संचात ग्लोरान्थातल्या ट्रोल जमातीचा इतिहास, धर्म, शरीररचना, पचनसंस्था, खाणेपिणे आणि खेळसुद्धा येतात. वाट्टेल ते खाऊन पचवणारी, एका शापामुळे जिच्या पोटी खुरटी, दुबळी संतती अधिक निपजते अशी ही जमात वाचता वाचता आपलीशी वाटू लागते. नायकाने मारायचे पात्र इतक्या आस्थेने एक समाज म्हणून उभे करण्याचे धाडस तोवर फारसे कोणी केले नव्हते. १९८८ मध्ये आलेले लव्हक्राफ्टच्या राक्षसांचे मार्गदर्शक पुस्तक पक्षिनिरीक्षकाच्या पुस्तकासारखे रचले आहे. त्यात प्रत्येक जीवाचा अधिवास, सवयी आणि ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. चित्रे टॉम सलिव्हन यांची आहेत.

‘घोस्टबस्टर्स’ (१९८६) हा विनोदी भूमिकाखेळ त्यांनी स्टॅफर्ड आणि विलिस यांच्यासह रचला. पात्राच्या गुणाइतके फासे एकदम टाकून त्यांची बेरीज करायची, ही त्यातली पद्धत पुढच्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’च्या भूमिकाखेळात वाढवली गेली आणि तेथून सर्वत्र पसरली.

यानंतर ते मायक्रोप्रोज या संगणकखेळांच्या कंपनीत गेले. मध्ययुगीन जर्मनीतल्या लोकसमजुती खऱ्या मानून रचलेल्या ‘डार्कलँड्स’ (१९९२) मध्ये त्यांचा सहभाग होता. १९९३ मध्ये ते इड सॉफ्टवेअरमध्ये दाखल झाले तेव्हा ‘डूम’ बाहेर पडायला जेमतेम दहा आठवडे उरले होते. तेवढ्यात त्यांनी खेळाच्या २७ पैकी १९ पातळ्या पूर्ण केल्या. त्यांतल्या काहींचा आराखडा टॉम हॉल यांनी आधी केलेला होता. ‘डूम २’ (१९९४) च्या ३२ पैकी १७ पातळ्याही त्यांच्याच. ‘क्वेक’ (१९९६) मधला चौथा खंड त्यांनी रचला. त्या खेळातल्या अंतिम शत्रूचे नाव, शब-निगुराथ, थेट लव्हक्राफ्टकडून आलेले आहे. पीटरसन मॉर्मन पंथाचे श्रद्धाळू अनुयायी आहेत. सैतानांनी भरलेल्या खेळावर काम करणे चालेल का, अशी शंका सहकाऱ्यांना आली, तेव्हा ते सैतान येथे दुष्टांच्याच बाजूला आहेत, असे त्यांनी सांगितल्याचे प्रसिद्ध आहे.

१९९७ मध्ये ते टेक्सासमधल्या एन्सेम्बल स्टुडिओजमध्ये गेले आणि ‘एज ऑफ एम्पायर्स’ मालिकेवर काम करू लागले. ‘द राइज ऑफ रोम’ (१९९८), ‘द एज ऑफ किंग्ज’ (१९९९), ‘द कॉन्करर्स’ (२०००) आणि ‘एज ऑफ एम्पायर्स ३’ (२००५) या काळातले आहेत. मायक्रोसॉफ्टने २००९ च्या आरंभी हा स्टुडिओ बंद केला.

मग पीटरसन पुन्हा टेबलाकडे वळले. ‘कथुलू वॉर्स’ या पटावरच्या खेळासाठी त्यांनी २०१३ मध्ये किकस्टार्टरवर आगाऊ वर्गणी मागवली आणि १४ लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली. त्यातून पीटरसन गेम्स ही त्यांची कंपनी उभी राहिली. ग्लोरान्थातल्या देवांच्या युद्धावरचा ‘द गॉड्स वॉर’ हा तिचाच खेळ. मधल्या काळात केऑसियम आर्थिक अडचणीत सापडली, तेव्हा जून २०१५ मध्ये स्टॅफर्ड यांच्याबरोबर पीटरसनही कंपनीच्या कारभारात परतले आणि थोड्याच दिवसांत तिची सूत्रे मून डिझाइन या संस्थेच्या चालकांकडे गेली.

‘कथुलू वॉर्स’ची मांडणी ‘कॉल ऑफ कथुलू’च्या अगदी उलट आहे. पटावर पृथ्वीचा नकाशा असतो, मानवजातीचा पाडाव आधीच झालेला असतो, आणि प्रत्येक खेळाडू एकेका आदिम शक्तीची बाजू घेऊन उरलेल्या जगासाठी झगडतो. सोंगट्यांच्या जागी राक्षसांच्या प्लॅस्टिकच्या मूर्ती असतात, आणि मोठ्या देवतांच्या मूर्ती तर मुठीत मावत नाहीत. सॅनिटीचा आकडा या खेळात नाही.